आकडे वरवंडचे, पैसा कुणाचा?

पुणे-सोलापूर महामार्गावरचं वरवंड हे दौंड तालुक्यातलं मोठं गाव. समजा, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या नमुन्यात त्याचं नाव निघालं, तर काय होतं? तीनशेहून अधिक घरं असलेल्या गावाचे आधी शंभर-दीडशे घरांचे भाग पाडतात. त्यातले दोन भाग यादृच्छिक पद्धतीनं निवडून त्यांची घरयादी करतात आणि त्या यादीतून निघतात फक्त २२ घरं. मग बाळंतपण कुठे झालं, मुलाला कोणत्या लसी दिल्या, स्वयंपाक चुलीवर की गॅसवर, असे प्रश्न सुरू होतात. मुलांची उंची-वजनं घेतात. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीपर्यंत बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिनही तपासत. ऊसतोडीच्या दिवसांत घरातल्या बाईला इतका वेळ बसवून ठेवायचं म्हणजे तिच्या सोशिकपणाचीच परीक्षा.

प्रश्नावली एवढी लांबते, याचं एक कारण माझ्या मते पैशात आहे. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत केंद्र सरकारच्या जोडीला पैसे घालणारे सहा जण होते: अमेरिकेची यूएसएड, ब्रिटनचा डीएफआयडी विभाग, गेट्स आणि मॅकआर्थर ही दोन फाउंडेशनं, युनिसेफ आणि यूएनएफपीए. कुणाला कुपोषण मोजायचं होतं, कुणाला कुटुंबनियोजन. हे सगळं एका प्रश्नावलीत बसवण्याचं काम मुंबईत, देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं केलं. ही संस्थाही भागीदारीतूनच जन्मली. १९५६ साली केंद्र सरकार, संयुक्त राष्ट्रं आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी मिळून ती उभी केली.

सहा जण एका सर्वेक्षणात आले, ही गोष्ट साधी नाही. त्याआधी काय होत होतं ते पाहा. १९९२-९३ ची पहिली फेरी यूएसएडच्या पैशावर झाली. दुसरी १९९८-९९ मध्ये. नेमक्या त्याच काळात प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रमासाठी दुसरं एक मोठं जिल्हास्तरीय सर्वेक्षण घरोघरी चाललं होतं, आणि त्याचीही मध्यवर्ती संस्था देवनारचीच! कारण अगदीच निराधार नव्हतं: कुटुंब आरोग्य सर्वेक्षण राज्यापुरतं बोलत होतं, कार्यक्रमाला जिल्ह्याचे आकडे हवे होते. पण म्हणून लसीकरणाचा तोच प्रश्न दोन पथकांनी विचारायचा? पुढे २०१० पासून नऊ राज्यांत वार्षिक आरोग्य सर्वेक्षण सुरू झालं. महाराष्ट्र त्यात नव्हता. आपल्याकडे २०१२-१३ मध्ये त्या जिल्हास्तरीय सर्वेक्षणाची चौथी फेरी झाली. या गर्दीत मूळ कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २००५-०६ नंतर दहा वर्षं झालंच नाही. चौथ्या फेरीत ते जिल्ह्यापर्यंत उतरलं, तेव्हा कुठे पुणे जिल्ह्याचा स्वतंत्र आकडा त्यातून मिळू लागला.

हा घोळ जगभरचा आहे. लहान देशांत तर अधिकच, कारण मोजके अधिकारी, आणि प्रत्येक देणगीदाराचं सर्वेक्षण वेगळं, नमुना वेगळा, अहवालाची मुदत वेगळी. यावर उपाय म्हणून नोव्हेंबर १९९९ मध्ये पॅरिसला 'पॅरिस २१' ही भागीदारी सुरू झाली. संयुक्त राष्ट्रं, युरोपीय आयोग, ओईसीडी, नाणेनिधी आणि जागतिक बँक हे तिचे संस्थापक. तिचा आग्रह एकच: देशानं आधी स्वतःचा सांख्यिकी आराखडा लिहावा, देणगीदारांनी त्यातल्या कामांना पैसे द्यावेत. भारतातही जागतिक बँकेनं २०१० साली आकडेवारी सुधारण्यासाठी १०.७ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, तेव्हा राज्यांनी आपापला सांख्यिकी आराखडा आधी करायचा, असाच क्रम होता. रक्कम मोठी वाटते, पण जगातल्या एकूण विकासमदतीचा अर्धा टक्काही सांख्यिकीच्या वाट्याला येत नाही.

आणि देणारा हात आखडला तर? २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेनं यूएसएडची मदत थांबवली. १९८४ पासून नव्वदहून अधिक देशांत लोकसंख्या व आरोग्याची सर्वेक्षणं करणारा डीएचएस कार्यक्रम त्यात बंद पडला. अनेक देशांत काम अर्ध्यावर थांबलं. नंतर गेट्स फाउंडेशननं तात्पुरता टेकू दिला. भारताच्या सहाव्या फेरीचं क्षेत्रकाम २०२३-२४ मध्येच झालेलं असल्यानं तो फटका आपल्याला बसला नाही.

पण आपली खरी अडचण कुणा देणगीदारानं केलेली नाही. नमुना निवडायला मुळात गावांची आणि लोकसंख्येची ताजी यादी लागते, ती जनगणना देते. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आधार आहे तो २०११ चा. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. सर्वेक्षणाला परदेशी पैसा चालेल. जनगणना वेळेवर करणं हे मात्र सरकारचं स्वतःचं काम आहे, आणि त्यात झालेल्या उशिराला दुसरा कुणीही जबाबदार नाही.