महानेटचा पैसा कुठून येतो?

पुण्याजवळची मोशी १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली, म्हणून ग्रामपंचायतींपर्यंत फायबर इंटरनेट नेणाऱ्या ‘भारतनेट’मध्ये ती बसत नाही; इंद्रायणीपलीकडचे चिंबळी गाव बसते. या केंद्रीय योजनेचा पहिला टप्पा फारच रखडला. २०१७ मध्ये दुसऱ्या टप्प्यात राज्यांनाही काम हाती घेण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने आपल्या ‘महाआयटी’ कंपनीमार्फत ‘महानेट’ आखले. चर किती किलोमीटर खणायचा, केबल जमिनीखालून न्यायची की खांबांवरून, याचा प्रकल्प अहवाल राज्याने करायचा. पैसा केंद्राच्या निधीतून. हा निधी दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरील ५ टक्के आकारणीतून साठतो. पंचायतीपर्यंत फायबर आली, तरी घरात जोडणी देणारा लागतोच. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटींच्या सुधारित कार्यक्रमात म्हणूनच घरजोडण्यांवर भर आहे.