शेतांवरचे खून आणि ‘वंशसंहारा’ची कहाणी

२१ मे २०२५ रोजी व्हाइट हाउसमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांना शेजारी बसवलं, दिवे मंद करायला सांगितले आणि एक व्हिडिओ लावला. रस्त्याच्या दुतर्फा पांढऱ्या क्रुसांची लांबच लांब रांग. मारल्या गेलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांची ही थडगी, असा त्यांचा दावा. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचा वंशसंहार चाललाय, हा समाजमाध्यमांवर कित्येक वर्षं घोळवलेला आरोप आता पाहुण्या राष्ट्राध्यक्षाच्या तोंडावर फेकला गेला.

ती थडगी नव्हतीच. क्वाझुलू-नाताल प्रांतात न्यूकॅसलजवळ २०२० मध्ये एका शेतकरी दांपत्याचा खून झाला होता. त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी ते क्रूस रोवले आणि नंतर काढूनही टाकले. ट्रम्प यांनी पुरावा म्हणून दाखवलेल्या कागदांतलं एक छायाचित्र तर काँगोतल्या गोमा शहराचं निघालं.

गैरसमज: शेतांवर मारले जातात ते गोरेच.

जानेवारी ते मार्च २०२५ या तिमाहीत पोलिसांनी देशभरात ५,७२७ खुनांची नोंद केली. त्यातले शेतांवरचे सहा. सहांपैकी पाच मृत कृष्णवर्णीय, एक गोरा. पोलीस कमी मोजतात, असं आफ्रिफोरम ही आफ्रिकानर, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्या लोकांची संघटना म्हणते. तिच्या हिशेबाने शेतांवर वर्षाला पन्नासच्या आसपास खून होतात. बरं, तोच आकडा घेऊ. २०२३-२४ मध्ये देशात २७,६२१ खून झाले, म्हणजे दिवसाला पंचाहत्तर. सर्वाधिक खुनांच्या यादीत वर्षानुवर्षं ज्यांची नावं येतात ती ठाणी केप टाउनजवळच्या न्यांगा, खायेलित्शा किंवा डर्बनजवळच्या इनांडा इथली: शहरांच्या कडेच्या गरीब, कृष्णवर्णीय वस्त्यांतली. तिथल्या मृतांचे व्हिडिओ कोणी अमेरिकेच्या अध्यक्षांना दाखवत नाही.

हल्ल्यांमागचा हेतूही तपासला गेलाय. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने २००३ मध्ये अहवाल दिला. तिला जवळजवळ नव्वद टक्के हल्ल्यांमागे लूट हेच कारण दिसलं. वंशद्वेषाची प्रकरणंही होती, पण थोडी. फेब्रुवारी २०२५ मध्ये वेस्टर्न केपच्या उच्च न्यायालयासमोर मृत्युपत्राच्या एका वादात हा मुद्दा आला, तेव्हा न्यायालयाने गोऱ्यांच्या वंशसंहाराची गोष्ट काल्पनिक ठरवली.

गैरसमज: गोऱ्यांच्या जमिनी बळकावणं सुरू झालंय.

जानेवारी २०२५ मध्ये रामाफोसांनी भूसंपादनाच्या नव्या कायद्यावर सही केली. मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या जमिनीसारख्या मोजक्या प्रसंगी विनामोबदला संपादनाची तरतूद त्यात आहे, हे खरं. पण मागचा इतिहास न सांगता एवढंच सांगणं म्हणजे अर्धी गोष्ट. १९१३ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांना देशातली जेमतेम सात टक्के जमीन ठेवली. १९३६ नंतर मर्यादा तेरा टक्क्यांवर गेली. त्याचा परिणाम अजून दिसतो. गोरे लोकसंख्येत साडेसात टक्केही नाहीत, पण २०१७ च्या सरकारी पाहणीत व्यक्तींच्या नावावरच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के त्यांच्याकडे होती.

गैरसमज: शेतकऱ्यांची भीती हा निव्वळ कांगावा.

शहरी सुशिक्षितांचा हा लाडका गैरसमज, आणि माझ्या मते वंशसंहाराच्या अफवेला त्यानेही खतपाणी घातलंय. शेतावरचं घर एकाकी असतं. शेजारी काही किलोमीटरांवर, पोलीस ठाणं त्याहून दूर. काही हल्ल्यांत लुटीपूर्वी छळही झालेला आहे. ग्रामीण भागाच्या रक्षणासाठी ‘कमांडो’ नावाची स्थानिक दलं होती. वर्णद्वेषी राजवटीशी त्यांचं नातं घट्ट असल्याने २००३ मध्ये ती मोडण्याचं जाहीर झालं. निर्णय समजण्यासारखा होता. पण त्यांची जागा घेणारं तितकं सक्षम ग्रामीण पोलीसदल उभं राहिलं नाही. त्यात विरोधी पक्षनेते ज्युलियस मालेमा सभांमधून बोअरांना, म्हणजे गोऱ्या शेतकऱ्यांना, मारण्याचं वर्णद्वेषविरोधी लढ्यातलं जुनं गाणं गातात. २०११ मध्ये एका न्यायालयाने ते द्वेषमूलक ठरवलं होतं, पण २०२२ पासूनच्या निकालांत न्यायालयांनी तसं मानलं नाही आणि मालेमांच्या पक्षाला २०२४ मध्ये दहा टक्केही मतं मिळाली नाहीत. तरी रात्री एकट्या घरात फोनवर ते ऐकणाऱ्याला ही टक्केवारी कितीसा धीर देणार?

१२ मे २०२५ रोजी ट्रम्प सरकारच्या योजनेतून ५९ आफ्रिकानर निर्वासित म्हणून अमेरिकेत उतरले. त्याच शेतांवर, पोलीस ठाण्यापासून तितक्याच अंतरावर, कृष्णवर्णीय मजूर राहतात. हल्लेखोर त्यांनाही मारतात. त्या निर्वासित योजनेत त्यांना जागा नाही.