काळोखाचे गणित

‘डायाब्लो-२’ हा व्हिडिओ गेम २००० साली आला आणि काळोखी तळघरे व नायकाभोवतीच्या मोजक्या प्रकाशवर्तुळामुळे लक्षात राहिला. २००८ मध्ये पॅरिस येथे ‘डायाब्लो-३’ची पहिली दृश्ये झळकली, तेव्हा त्यातील उजळ रंग पाहून चाहते संतापले. जुनी भयाणता परत आणावी, अशी मागणी हजारोंनी सह्यांनिशी केली. निर्मात्यांचे म्हणणे वेगळे होते : सारा पडदाच करडा झाला, तर राक्षस पार्श्वभूमीत विरून जातात आणि खेळणाऱ्याला शत्रूच ओळखू येत नाही.

या वादाचे मर्म पुणे जिल्ह्यातील मंदिरांत उमगते. दौंड तालुक्यातील यवतहून जवळ असलेल्या भुलेश्वर मंदिरात उन्हातून शिरताच डोळ्यांपुढे अंधारी येते. मग दगडी जाळ्यांतून झिरपणाऱ्या उजेडात शिल्पे हळूहळू उमटू लागतात. शिरूर तालुक्यातील रांजणगावी दक्षिणायनात सूर्यकिरण महागणपतीच्या मूर्तीवर पडावेत, अशी मंदिराची रचना असल्याचे सांगितले जाते.

गूढता निव्वळ काळोखातून येत नाही. उजेड नेमका कोठे पडतो, यावर ती ठरते. २०१२ मध्ये ‘डायाब्लो-३’ रंगांसह बाजारात आला. २०२३ च्या ‘डायाब्लो-४’ने मात्र पुन्हा काळोखाचीच वाट धरली.