फेस न आलेली जखम

खरचटलेल्या गुडघ्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की चरचर होते आणि पांढराशुभ्र फेस उसळतो. ‘बघ, जंतू मरतायत,’ असं म्हणत घरोघरी पोरांची समजूत काढली जाते. जंतूंचा त्या फेसाशी फारसा संबंध नसतो. आपल्या रक्तात आणि पेशींत कॅटालेज नावाचं एक विकर असतं. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं आणि त्या ऑक्सिजनचे बुडबुडे आपल्याला दिसतात. म्हणजे फेस आला की कॅटालेज हजर आहे असं समजायचं.

तो फेस न आल्याची घटना १९४६ सालची. जपानमधलं ओकायामा शहर आदल्याच वर्षीच्या बॉम्बहल्ल्यात होरपळलं होतं. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले कान-नाक-घसा तज्ज्ञ शिगेओ ताकाहारा एका ११ वर्षांच्या मुलीवर शस्त्रक्रिया करत होते. तिच्या तोंडातला आणि नाकाजवळचा भाग सडला होता. सडलेला भाग काढून त्यांनी नेहमीप्रमाणे पेरॉक्साइडने जखम धुतली. एकही बुडबुडा आला नाही, उलट रक्त काळपट तपकिरी झालं. असं दृश्य दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने औषधाची बाटली खराब निघाली म्हणून सोडून दिलं असतं. ताकाहारांनी त्याचा पाठपुरावा केला. मुलीच्या भावंडांचं रक्त तपासलं, तर काहींच्या रक्तातही फेस येईना. या कुटुंबाच्या रक्तात कॅटालेजच नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो छापून आला आणि जगाला अकॅटालेसेमिया हा आनुवंशिक दोष कळला.

मुळात पेरॉक्साइड शरीरात येतं कुठून? आपण श्वासावाटे घेतलेला ऑक्सिजन पेशी ऊर्जेसाठी वापरतात. त्या व्यवहारात थोडे इलेक्ट्रॉन निसटतात आणि सुपरऑक्साइड तयार होतं. एक विकर त्याचं पेरॉक्साइड करतं. हे पेरॉक्साइड तसंच साचू दिलं तर लोहाच्या संपर्कात येऊन त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल निघतो. तो समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो, मग ते पेशीचं आवरण असो, प्रथिनं असोत की डीएनए. कॅटालेज ही साखळी तिथेच तोडतं. या विकराची कृती आपल्या ११ व्या गुणसूत्रावरच्या जनुकात लिहिलेली आहे. त्यानुसार ५२७ अमिनो आम्लांची साखळी विणली जाते, अशा चार साखळ्या एकत्र येतात आणि प्रत्येकीच्या पोटात हीम असतं, म्हणजे हिमोग्लोबिनमध्ये असतो तसा लोहाचा गाभा. एवढा जामानिमा झाला की कॅटालेजचा एकच रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो. इतक्या वेगाने काम करणारी विकरं निसर्गात फार थोडी आहेत.

मग ते नसताना त्या मुलीचं सगळं शरीर का नासलं नाही, फक्त तोंडच का? तोंडात राहणारे काही जीवाणू स्वतःच पेरॉक्साइड सोडतात. निरोगी माणसाचं रक्त ते लगेच निकामी करतं. या मुलांच्या हिरड्यांत मात्र ते साचत गेलं, हिमोग्लोबिन बिघडलं, तिथल्या ऊतींना ऑक्सिजन मिळेना आणि हिरड्या सडू लागल्या. दोष जनुकाचा होता हे खरं, पण आजार घडायला अस्वच्छ तोंडातल्या जीवाणूंची जोड लागली. दातांची निगा आणि प्रतिजैविकं यांमुळे आज जपानमध्येही या आजाराचं ते भयंकर रूप क्वचितच दिसतं. ‘जनुकात आहे, काय करणार?’ असं हताशपणे म्हणणाऱ्यांना मला हेच उदाहरण द्यावंसं वाटतं.

पुढे स्वित्झर्लंडमध्ये ह्युगो एबी यांनी लष्करात भरती होणाऱ्या हजारो तरुणांचं रक्त तपासलं. त्यांत कॅटालेज जवळजवळ नसलेले मोजके जण सापडले आणि ते ठणठणीत होते. २००४ मध्ये ये-शिह हो यांच्या गटाने कॅटालेजचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. तेही नीट वाढले. कारण पेशीने सगळा भार एकावर टाकलेला नसतो. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, पेरॉक्सिरेडॉक्सिन अशी इतर विकरंही पेरॉक्साइड फोडतात. तरीही कमतरता अगदीच निरुपद्रवी म्हणता येत नाही. हंगेरीत लास्लो गोथ यांनी अशा कुटुंबांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला, तेव्हा त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण जास्त आढळलं. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत पेरॉक्साइडविरोधी बंदोबस्त मुळातच तोकडा असतो, त्यामुळे हे पटण्यासारखं आहे.

आता बाजाराकडे वळू. पिकलेल्या केसांच्या मुळाशी पेरॉक्साइड साचतं आणि तिथलं कॅटालेज घटतं, असं २००९ मध्ये एका संशोधनातून समोर आलं. लगोलग केस काळे करण्याच्या दाव्यासह कॅटालेजच्या गोळ्या विकायला आल्या. कॅटालेज हे प्रथिन आहे. गिळलं की डाळीतल्या प्रथिनासारखंच पोटात पचतं, केसाच्या मुळाशी जसंच्या तसं पोचत नाही. लोकांच्या काळजीवर असा धंदा होतो याचा मला मनापासून संताप येतो. ‘अँटिऑक्सिडंट म्हणजे जितकं जास्त तितकं चांगलं’ हा समजही तितकाच घातक. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. त्यांत बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. शिवाय पेरॉक्साइड सरसकट शत्रू नाही. पांढऱ्या पेशी जंतूंवर त्याचाच मारा करतात आणि थोड्या प्रमाणात पेशी त्याचा निरोप धाडण्यासाठीही वापर करतात.

कॅटालेज किती आहे याच्या जोडीला ते पेशीत कुठे आहे हेही पाहावं लागतं. २००५ मध्ये पीटर रॅबिनोविच यांच्या गटाने उंदरांच्या पेशींत जादा कॅटालेज वेगवेगळ्या ठिकाणी पोचवलं. केंद्रकात पोचवलं तेव्हा आयुष्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पेरॉक्सिसोममध्ये, म्हणजे त्याच्या नेहमीच्या जागी, थोडाफार फायदा झाला. तंतुकणिकांत, जिथे ऑक्सिजनचा खरा व्यवहार चालतो, तिथे पोचवलेल्या उंदरांचं आयुष्य सरासरी पाच महिन्यांनी वाढलं आणि त्यांच्या हृदयाची झीजही उशिरा सुरू झाली.