नवं पोस्टग्रेस टाकताना जुन्या नोंदी कशा सांभाळाल?

समजा, तुमच्या संशोधनाचा विषय आहे बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर. पाण्याचा सामू, क्षारता, तापमान, नमुना कुठून आणि कधी घेतला, या सगळ्या नोंदी आधीच्या विद्यार्थ्यांनी विभागाच्या लिनक्स सर्व्हरवर पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ठेवल्यात. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदीही त्यातच आहेत. सर्व्हर परत विकत घेता येतो, पण जून २०२० चं पाणी परत बाटलीत भरता येत नाही. म्हणून नवी आवृत्ती टाकणं हे फक्त 'सिस्टिमवाल्याचं काम' नाही, संशोधकालाही ते समजलं पाहिजे.

उदाहरणासाठी सर्व्हरवर सेंटओएस ७ आहे असं धरू. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. त्याच्यासोबत मिळणारं पोस्टग्रेस ९.२ तर त्याच्याही कितीतरी आधी, २०१७ मध्येच सपोर्टबाहेर गेलं. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती साधारण दरवर्षी येते आणि तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात.

प्रोग्राम वेगळा, डेटा वेगळा

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या. १६.२ वरून १६.४ वर जाणं सोपं असतं: पॅकेज बदला, सर्व्हर रीस्टार्ट करा, झालं. पण मोठी आवृत्ती बदलली की डिस्कवरच्या फाइलींची रचनाही बदलते. नवा प्रोग्राम जुन्या डेटा डिरेक्टरीवर सुरूच होत नाही, फाइली जुळत नाहीत असं सांगून थांबतो. हे थांबणं तुमच्या फायद्याचंच आहे. अशा वेळी घाबरून डिरेक्टरी पुसू नका.

दोन वाटा

पहिली वाट 'पीजी_अपग्रेड'ची. यात जुन्या फाइली जवळपास जशाच्या तशा नव्या आवृत्तीला जोडल्या जातात. काम झटपट होतं. पण त्यातला 'लिंक' पर्याय वापरलात, तर नवा सर्व्हर एकदा सुरू झाल्यावर जुन्याकडे सुरक्षितपणे परतता येत नाही.

दुसरी वाट 'पीजी_डंपऑल'ची. यात सगळा डेटा एसक्यूएल मजकूर म्हणून बाहेर काढायचा आणि नव्या सर्व्हरवर पुन्हा भरायचा. वेळ जास्त लागतो, पण जुनं यंत्र तसंच शाबूत राहतं. डंप काढताना नव्या आवृत्तीचंच साधन वापरा आणि ते नेटवर्कवरून जुन्या सर्व्हरला जोडा. लोणारसारख्या काही लाख ओळींच्या डेटाला माझी पसंती याच वाटेला आहे. कारण पुढे येतंच.

नकाशे असतील तर नव्या सर्व्हरवर पोस्टजीआयएस आधी टाका. पोस्टजीआयएस ३ पासून रास्टर हे वेगळं एक्स्टेंशन झालंय, तेही विसरू नका.

न दिसणारी अडचण: क्रम

मजकूर कोणत्या क्रमाने लावायचा हे पोस्टग्रेस बहुधा लिनक्सच्या ग्लिबसी लायब्ररीला विचारतं. २०१८ मध्ये आलेल्या ग्लिबसी २.२८ ने हे क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. आता जुनी डेटा डिरेक्टरी तशीच उचलून नव्या लिनक्सवर नेली, तर इंडेक्स जुन्या क्रमाने बांधलेला आणि शोध मात्र नव्या क्रमाने. टेबलमध्ये असलेली ओळ शोधात सापडत नाही, किंवा एकदाच यायला हवा तो नमुना-क्रमांक दोनदा शिरतो. एररही येत नाही. डंप भरताना इंडेक्स नव्याने बांधले जातात, म्हणून ती वाट इथे सुरक्षित. फाइली उचलूनच नेल्या असतील, तर मजकुरावरचे सगळे इंडेक्स 'रीइंडेक्स' करा.

मराठी नावांची परीक्षा

नवा सर्व्हर घाईत उभा केला आणि लोकेल नीट निवडलं नाही, तर डेटाबेस यूटीएफ-८ ऐवजी एसक्यूएल_आस्की एन्कोडिंगमध्ये तयार होऊ शकतो. तपासणी सोपी आहे: 'लोणार' या शब्दाची लांबी 'लेंग्थ' फंक्शनला विचारा. उत्तर ५ आलं तर ठीक. १५ आलं, तर डेटाबेस अक्षरं नाही, बाइट मोजतोय. पुढे जाऊ नका, डेटाबेस पुन्हा बनवा.

आधी आणि नंतर

बदल करण्याआधी काही आकडे वहीत लिहून ठेवा: प्रत्येक टेबलमधल्या ओळी, सामूची किमान, कमाल आणि सरासरी, पहिली आणि शेवटची तारीख, प्रत्येक ठिकाणचे नमुने किती. नंतर नव्या सर्व्हरवर तेच प्रश्न विचारून उत्तरं जुळवा.

दोन फरक दिसले तरी दचकू नका. आवृत्ती १२ पासून दशांश संख्या पूर्ण अचूकतेने छापल्या जातात. जिथे आधी ०.३ दिसायचं, तिथे ०.३०००००००००००००००४ दिसू शकतं. साठवलेला आकडा तोच आहे, छापण्याची पद्धत बदलली. दुसरं म्हणजे, 'ऑर्डर बाय' न लिहिता पहिल्या १०० ओळी मागितल्या असतील, तर आता वेगळ्या १०० मिळतील. क्रमाची हमी आधीही नव्हती. पण त्या १०० ओळींवर तुमचं मॉडेल शिकवलेलं असेल, तर निकाल बदलतील आणि गाइडने कारण विचारलं की उत्तर द्यावं लागेल. म्हणून क्वेरीत क्रम आजच लिहून टाका.

सगळं जुळलं की 'अॅनालाइझ' चालवा, नाहीतर सुरुवातीला क्वेरी विनाकारण रेंगाळतात. लॉगिन होत नसेल तर पीजी_एचबीए फाइल बघा. ती डंपमध्ये येत नाही, आणि आवृत्ती १४ पासून पासवर्डची मूळ पद्धत एमडी५ ऐवजी स्क्रॅम आहे. पासवर्ड नव्याने ठेवला की बहुधा काम होतं.

जुना सर्व्हर लगेच पुसू नका. निदान एक प्रकरण नव्या सर्व्हरवरून पुन्हा काढून बघा, आकडे जुळले की मगच तो बंद करा. आणि प्रबंधाच्या 'पद्धती' प्रकरणात पोस्टग्रेस, पोस्टजीआयएस आणि लिनक्स या तिन्हींच्या आवृत्त्या लिहा. तुमच्यानंतर लोणारवर काम करायला येणाऱ्याला त्यांची गरज पडेल.