बी.ए.नंतर नर्सिंग?
बी.ए. झालं, दोन-चार वर्षं नोकरीही झाली. आता नर्स व्हायचंय. इचोड्यातल्या अशा ताईला किती वर्षं लागतील? अमेरिकेत इतर विषयांच्या पदवीधरांसाठी ११ ते १८ महिन्यांचा नर्सिंगचा जलद अभ्यासक्रम असतो. आपल्याकडे बी.ए.मुळे एक वर्षही वाचत नाही. बघतात ती बारावी. तिथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी असेल, तर बी.एस्सी. नर्सिंग, ४ वर्षं. आर्ट्स असेल, तर जीएनएम, ३ वर्षं. त्याला वयाची मर्यादा ३५. पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची आणखी २ वर्षं. म्हणून आधी बारावीची मार्कशीट काढा, वय मोजा, कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे ना ते बघा. बी.ए. वाया मात्र जात नाही. आदिलाबादकडे पेशंट मराठी, तेलुगू, गोंडी बोलतात. दुखणं त्यांच्या भाषेत समजून घेणारी नर्स तिथे हवीच असते.