काट्यांचे दफ्तर

डोंगरातून आणलेली डहाळी टीपकागदांच्या घड्यांत घालावी, वर जड फळ्यांचा दाब द्यावा, ती पुरती वाळली म्हणजे जाड कागदावर चिकटवून खाली नाव, ठिकाण आणि तारीख लिहावी, म्हणजे शंभर वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकालाही तिची ओळख पटावी, अशी वनस्पतिशास्त्राच्या दफ्तराची फार जुनी वहिवाट आहे. अमेरिका खंडातून निवडुंगाची रोपे युरोपातल्या बागांत येऊ लागली आणि या वहिवाटीची पंचाईत झाली. ज्या वनस्पतीचे सारे अंग पाण्याने तुडुंब भरलेले आणि वरून मेणचट कातडीने बंद केलेले, ती दाबाखाली वाळावी कशी? ती आठवडेच्या आठवडे जिवंत राहते, क्वचित कागदांच्या घडीतच नवा कोंब काढते, नाहीतर कुजते. आणि यांतून निभावून वाळलीच, तर तिच्या गोल देहाचा नि उभ्या कंगोऱ्यांचा सुरकुतलेला चोथा तेवढा हाती लागतो. ज्याचा नमुना दप्तरी दाखल होऊ शकत नाही, त्याचा दाखला मग चित्रकारालाच द्यावा लागला. आज चौकटीत बसून दिवाणखान्याची शोभा वाढवणारी निवडुंगाची जुनी चित्रे मुळात या शास्त्राचे अस्सल दस्तऐवज आहेत, ते या कारणाने.

अशा दस्तऐवजांत अग्रमान द्यावा तो पिएर-जोसेफ रदूते याच्या चित्रांना. राज्यक्रांतीपूर्वी राणी मारी आंत्वानेतची आणि पुढे सम्राज्ञी जोझेफिनची कृपा लाभलेल्या या चित्रकाराने १७९९ पासून पॅरिसमध्ये रसाळ वनस्पतींवरील आपला ग्रंथ हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि त्यातील शास्त्रीय वर्णने लिहिली ती ओग्युस्तँ द कांदोल या अवघ्या एकवीस वर्षांच्या तरुणाने. या चित्रांचे मर्म त्यांच्या छपाईत आहे. ठसठशीत काळ्या रेघेने निवडुंगाची आकृती बांधली की तिचा फुगीरपणा मरतो. म्हणून येथे तांब्याच्या पत्र्यावर असंख्य बारीक ठिपके उठवून सावली साधलेली आहे. त्या एकाच पत्र्यावर चिंधीच्या बोळ्यांनी निरनिराळे रंग जागच्या जागी भरीत, एकदाच छाप घेत, आणि शेवटी कुंचल्याचा हात फिरवीत; त्यामुळे कागदावरचे ते अंग बोटाने दाबले तर आत जाईल की काय, असा भास होतो.

त्याच सुमारास इंग्लंडात रॉबर्ट थॉर्नटन या वैद्याने अगदी निराळा घाट घातला. त्याच्या ‘टेम्पल ऑफ फ्लोरा’ या प्रचंड ग्रंथातील, १८०० सालच्या एका चित्रात वेस्ट इंडीजकडील रात्री उमलणारा निवडुंग चक्क इंग्रजी देवळाच्या मनोऱ्याजवळ फुललेला आहे. फूल काढले फिलिप रायनेगलने, मागचे चांदणे रंगवले अब्राहम पेथरने. स्थळाचा पुरावा म्हणून हे चित्र कवडीमोलाचे; परंतु मनोऱ्यावरच्या घड्याळाचे काटे मध्यरात्र दाखवीत आहेत, आणि हे फूल रात्री उमलून सकाळी मिटते, ही खरी गोष्ट त्या घड्याळाने बिनचूक नोंदवून ठेवली आहे.

या नाटकी थाटाच्या अगदी उलट टोकाला मेरी एमिली ईटन ही इंग्रज चित्रकर्ती. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली सारे निवडुंग ‘कॅक्टस’ या एकाच प्रजातीत घातले होते. ब्रिटन आणि रोझ या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१९ ते १९२३ या काळात चार खंडांत त्यांची शंभराहून अधिक प्रजातींत नव्याने वाटणी केली, आणि त्या खंडांतील रंगीत चित्रांचा मोठा भार न्यूयॉर्कच्या वनस्पती-उद्यानात काम करणाऱ्या ईटनबाईंनी उचलला. त्यांच्या चित्रांत ना चांदणे, ना मनोरा. पांढऱ्या कागदावर खोडाचा एक तुकडा, एक फूल, एक फळ, आणि शेजारी दुसऱ्या जातीचे तसेच अवयव. डोळा खिळून राहतो तो काट्यांच्या मुळाशी. तेथे लवेची एक चिमुकली गादी असते आणि तिच्यातूनच काट्यांचा झुबका फुटतो. निवडुंगकुळाची खरी मोहर हीच.

या मोहरेचे मोल मराठी वाचकाला विशेष कळावे, कारण आपण फड्या निवडुंगाला आणि तिधारी निवडुंगाला एकाच नावाने हाक मारतो. फड्या अमेरिकेतून आलेला. त्याच्या अंगावर ती गादी आहे. तिधारी मोडला की पांढरा चीक वाहतो आणि त्याच्यावर गादी नाही. तो वेगळ्याच कुळातला. उलट, ज्याची कळी फुगली की आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांना रात्री जागायला बोलावतो, ते गच्चीवरचे ‘ब्रह्मकमळ’ ना कमळ, ना हिमालयातले ब्रह्मकमळ. मेक्सिकोकडून आलेला तो निवडुंगच, आणि त्याचे पान म्हणून जे दिसते ते चपटे झालेले खोड होय.

फड्या आपल्या देशात पसरला त्यामागे एका रंगाचाही हात आहे. या जातीच्या निवडुंगांवर पोसणाऱ्या कोचिनील किड्यापासून किरमिजी रंग होतो, आणि त्याच्या लोभाने कंपनी सरकारने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत निवडुंगाची लागवड करवली होती. ‘किरमिजी’ या शब्दातही किड्याचा अर्थ देणारा ‘किर्म’ हा फारसी शब्द दडलेला आहे, आणि तो आपल्या ‘कृमी’चाच भाऊबंद. त्या काळच्या चित्रकारांच्या पेटीत हा रंग हमखास असे. निवडुंगाने आपला देह दप्तरी जमा होऊ दिला नाही खरा. पण आपली कैफियत लिहिण्यासाठी लागणारी लाल शाई मात्र त्याने स्वतःच्याच अंगावर पोसून दिली.